फोटोवरची टिकली

कुमुदताईंना त्या दिवशी ते दिसलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. आमच्या दवाखान्यात ज्याला विचाराल तो छातीठोकपणे काहीतरी सांगेल, पण दोघांचं सांगणं एकमेकांशी जुळायचं नाही. माझा तर सरळसरळ गोंधळ झालेला आहे. तो झाला तसाच सांगतो, कुणाला उलगडा झाला तर मलाही कळवा.

मी इक्बाल. पनवेलातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्लास्टर घालतो. पडलेलं, आपटलेलं माणूस आधी अपघात विभागात डॉक्टरांकडे येतं, तिथून समोरच्या खोलीत एक्स-रेला जातं, फोटो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जातं आणि हाड मोडलेलं असेल तर शेवटी माझ्याकडे येतं. एक्स-रेच्या खोलीत कुमुदताई असतात. कुमुद घरत. माहेर चिरनेरचं, सासर पनवेलचं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या होत्या, आणि आजही त्याच कडक आवाजात पेशंटला सांगतात, "श्वास धरा. धरा म्हटलं की धरायचा, विचार करत बसायचं नाही."

फोटो आता आधी संगणकावर उमटतो. पण कुमुदताईंचा त्या पडद्यावर विश्वास नाही. फिल्म छापून आली की त्या ती खिडकीपाशी नेतात आणि उजेडासमोर धरून बघतात. मी कितीदा चिडवलंय, "ताई, एवढं निरखून तर लोक सुनेलाही बघत नाहीत." त्यावर त्या म्हणतात, "सून नंतर सुधारते, इक्बालभाई. हाड नाही."

त्यांच्या नोकरीत एक विचित्र अट आहे. फोटो काढायचा, नीट आला की नाही ते बघायचं, पण त्यात काय दिसतं ते बोलायचं नाही. निदान करणं डॉक्टरांचं काम. टेबलावर झोपलेलं माणूस विचारतं, "ताई, मोडलंय का?" आणि यांना समोर मोडलेलं दिसत असलं तरी म्हणावं लागतं, "डॉक्टर सांगतील." मला हे कधीच पटलेलं नाही. माझ्या बायकोला असं कुणी बजावलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी राजीनामा दिला असता.

टिकलीची भानगड या अटीतून सुरू झाली. एकदा एका रिक्षावाल्याच्या मनगटाचा फोटो कुमुदताईंनी काढला. अंगठ्याच्या मुळाशी त्यांना बारीक चीर दिसली. तेव्हाच्या डॉक्टरांनी गर्दीत फोटो वरवर पाहिला आणि "मुका मार आहे" म्हणून मलमपट्टी लिहून दिली. पेशंटच्या देखत डॉक्टरांना खोटं कसं पाडायचं? कुमुदताईंनी "नाव चुकलंय, दुरुस्त करते" म्हणून फिल्म परत घेतली, आपल्या कपाळाची टिकली काढली, फिल्मच्या कोपऱ्यावर चिकटवली आणि फिल्म पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवली.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"पडली असेल, सर."

डॉक्टरांनी टिकली पाहिली, बाईंचं मोकळं कपाळ पाहिलं आणि मग फोटो नीट पाहिला. ते मनगट त्या दिवशी मी प्लास्टरमध्ये घातलं.

तेव्हापासून रीतच पडली. फोटोत काही वावगं वाटलं की कुमुदताई फिल्मच्या कोपऱ्यात टिकली लावायच्या. बोलणं नाही, लिहिणं नाही, सही नाही. मरून रंगाच्या टिकल्यांचं पाकीट एप्रनच्या खिशात. पुढे आमचे व्यवस्थापक धर्मराजसाहेब दवाखान्याच्या स्टेशनरीतच टिकल्या मागवायला लागले, पेनं आणि स्टेपलरच्या पिना मागवाव्यात तशा.

त्यांची टिकली कधी चुकत नव्हती असं नाही. लहान मुलांच्या हाडांत वाढीची जी रेघ असते, तिला त्या कधी कधी चीर समजायच्या. रक्तवाहिनीच्या खुणेवरही एकदा टिकली लागली होती. डॉक्टर हसून ती काढून टाकायचे. टिकली उगाच लागली तर एवढंच व्हायचं, की फोटो आणखी एकदा बघितला जायचा. पण लागायला हवी होती आणि लागली नाही, असं किती वेळा झालं? ते कोण सांगणार? असे पेशंट घरी निघून जायचे.

गाडी घसरली ती इथेच, आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुने डॉक्टर आधी फोटो बघायचे आणि मग टिकली. डॉक्टर इंद्रजीत आले आणि क्रम उलटा झाला. मुलगा हुशार आहे, वागायला गोड आहे, पण एक्स्प्रेस वेवरून एक गाडी आली की त्यांच्यापुढे चार स्ट्रेचर उभे राहतात. ते लांबूनच विचारायचे, "टिकली आहे का?" नसली की "जाऊ दे घरी." टिकली म्हणजे 'इथे बघा' एवढंच होतं. टिकली नाही म्हणजे 'काही नाही', असं कुमुदताईंनी कधी म्हटलं नव्हतं. पण सगळे तसंच धरून चालायला लागले. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

एका सकाळी कोनचे काशिराम आले. वय सत्तरीच्या पुढचं, अंगाने काटक. उरणला मुलीकडे गेले होते, तिथे मोरा बंदरावर शेवाळावरून पाय घसरला आणि कुल्ल्यावर आपटले. मुलगा निकेशने मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं. आणि हे गृहस्थ लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायांनी चालत आत आले. मी डोळ्यांनी पाहिलंय. खुबा मोडलेलं माणूस चालत येतं का? मी इतकी वर्षं हाडं बघतोय, मी नाही म्हणालो असतो.

इंद्रजीतांनी तपासलं, पाय फिरवून बघितला. काशिराम म्हणाले, "मना आत दुकतंय, डाक्टर. वर नाय, आत."

"फोटो काढून बघू."

मी माझा एक पेशंट प्लास्टरनंतरच्या फोटोसाठी घेऊन गेलो होतो, त्यामुळे एक्स-रेच्या खोलीच्या दारातच होतो. कुमुदताई खिडकीपाशी काशिरामांची फिल्म धरून उभ्या होत्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या. फिल्म जवळ घेतली, लांब धरली, तिरकी केली. मग खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. हे मी पाहिलं. पाकीट काढलं इथपर्यंत मी शपथेवर सांगू शकतो.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. एक्स्प्रेस वेवर टेम्पो उलटला होता, स्ट्रेचर आत येत होते. मी धावत जाऊन एकाचा दांडा धरला. मागे कुमुदताईंनी टिकली लावली की पाकीट परत खिशात ठेवलं, ते मी पाहिलं नाही. त्यांनाही ते आठवत नाही. त्या म्हणतात, "हाक आली, मी फिल्म मोठ्या पाकिटात घातली आणि निकेशच्या हातात दिली. पुढचं आठवतं ते त्या टेम्पोवाल्याचं रक्त."

इंद्रजीतांनी एका हाताने टेम्पोवाल्याच्या जखमेवर बोळा दाबून धरलेला होता. निकेशने पाकिटातून फिल्म अर्धी वर काढून दाखवली. कोपऱ्यात काही नव्हतं.

"टिकली नाही ना? मग नुसता मार लागलाय. गोळ्या घ्या आणि चालतं फिरतं राहा, नाहीतर सांधा आखडेल."

"पन दुकतंय ना," काशिराम म्हणाले.

"दुखणारच, काका. पडलात ना तुम्ही."

संध्याकाळी डॉक्टर कादंबरी आल्या. त्या एक्स-रेच्या तज्ज्ञ, रोज संध्याकाळी येऊन दिवसभराचे फोटो संगणकावर बघतात आणि रिपोर्ट लिहितात. त्यांनी काशिरामांच्या फोटोखाली लिहिलं, हाड अखंड आहे.

काशिराम आज्ञाधारक माणूस. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून रोज दात-ओठ खाऊन चालले. आठवडा उलटला आणि अंगणात चालता चालताच पाय खालून गेला. या वेळी टेम्पोत गादी टाकून आणलं. पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. हे ओळखायला ना फोटो लागतो ना टिकली. खुब्याचं हाड मानेतून, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागातून, सरकलं होतं.

निकेशने जुना फोटो सोबत आणला होता. इंद्रजीतांनी पाकिटातून फिल्म ओढली आणि तिच्याबरोबर काहीतरी टेबलावर पडलं. मरून टिकली. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे टिकली लावली होती," इंद्रजीत म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, त्यात थोडा रंग परत आला.

धर्मराजसाहेब धावत आले. त्यांनी टिकली बोटावर घेऊन बघितली आणि म्हणाले, "उन्हाने गोंद सुटला असणार. म्हणजे चूक कुणाचीच नाही. गोंदाची." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते काही उगाच नाही. त्यांनी तिथल्या तिथे निकेशला समजावून सांगितलं, की बाईंनी बरोबर ओळखलं होतं, खूण केली होती, पण खूण गळून पडली. निकेश रागाने आला होता. पण गोंदावर रागावून माणूस काय करणार?

मग कुमुदताईंना बोलावलं. जुनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलेली होती.

"ताई, तुम्ही टिकली लावली होती ना?" इंद्रजीतांनी विचारलं. विचारलं कसलं, विनवलं.

कुमुदताईंनी टिकलीकडे पाहिलं, फिल्मकडे पाहिलं. "मला आठवत नाही."

"अहो, ही तुमचीच ना?"

"माझ्यासारखी आहे."

आता गंमत बघा. त्या जुन्या फोटोत आम्हाला सगळ्यांना चीर दिसत होती. इंद्रजीतांनी बोट ठेवून दाखवली. हाडाच्या मानेवर एक फिकट आडवी रेघ. मलाही दिसली. धर्मराजसाहेबांनाही दिसली, आणि त्यांना एरवी फोटो उलटा लावलेला कळत नाही. कुमुदताईंनीही मान हलवली, "आहे. इथे आहे." संध्याकाळी कादंबरी मॅडम आल्या. त्यांनी आपला रिपोर्ट वाचला आणि फोटो पुन्हा पाहिला.

"आता दिसते आहे," त्या म्हणाल्या. "पण आता कुठे बघायचं ते मला माहीत आहे ना."

काशिरामांचं ऑपरेशन झालं, खुब्यात धातूचा गोळा बसला. सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. मिटलं नाही ते एकट्या कुमुदताईंसाठी.

त्यांनी प्रत्येक फोटोवर टिकली लावायला सुरुवात केली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण या तर पाणीसुद्धा फुंकायला लागल्या. मुरगळलेल्या पायांवर टिकली, ठणठणीत बोटांवर टिकली, खोकल्याच्या छातीवर टिकली. इंद्रजीत पहिले काही दिवस प्रत्येक फोटो डोळ्यांत तेल घालून बघत होते. संशय नको म्हणून माझ्याकडे धडधाकट घोटेही यायला लागले. मी आत शिव्या देत देत त्यांना प्लास्टर घालायचो. मग इंद्रजीत कंटाळले आणि त्यांनी टिकलीकडे बघायचंच सोडून दिलं. सगळीकडेच टिकली असेल तर ती असून नसून सारखीच.

शेवटी एक दिवस मी त्यांना चहाच्या टपरीवर गाठलं. मला राग आला होता, आणि त्यांची कीवही येत होती.

"ताई, 'हो, लावली होती' म्हणा आणि मोकळ्या व्हा की. टिकली सापडली आहे. सगळ्यांना तेच हवंय."

"आणि मी लावली नसेल तर?"

"तर काय? कोण बघायला आलं होतं?"

"तर मला दिसत नाही, इक्बालभाई." त्यांनी चहा न पिताच खाली ठेवला. "मला दिसलं होतं आणि टिकली पडली असेल, तर गोंद बदलायचा, बस. पण मला दिसलंच नसेल, तर मी त्या खिडकीत उभी राहून काय करते? मी धर्मराजसाहेबांना सांगून ठेवलंय. दिसलं नव्हतं असं निघालं तर मला केस पेपरच्या खिडकीवर बसवा. नावं तरी बरोबर लिहीन."

कुमुदताई केस पेपर लिहीत बसल्या आहेत हे चित्र मला डोळ्यांसमोर आणता येईना, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असंही म्हणता येईना.

त्या स्वतःच कादंबरी मॅडमकडे गेल्या. म्हणाल्या, "मॅडम, माझी परीक्षा घ्या." मॅडमनी संगणकातून जुने फोटो नव्याने छापून काढले, काही मोडलेले, काही चांगले, आणि सगळ्यांच्या नावांवर कागदी पट्टी चिकटवली. परीक्षा माझ्या प्लास्टरच्या खोलीत झाली, कारण दुपारी ती रिकामी असते आणि तिला मोठी खिडकी आहे. कुमुदताई एकेक फिल्म उजेडात धरत होत्या आणि टिकली लावून किंवा न लावता बाजूला ठेवत होत्या. मी कोपऱ्यात बसून बँडेज गुंडाळत होतो आणि परीक्षा जणू माझीच असल्यासारखा मला घाम फुटला होता.

मॅडमनी हिशेब केला. मनगटं, घोटे, पायाची बोटं जवळपास सगळी बरोबर. फासळ्यांत चुका. चांगल्या फोटोंवरही बऱ्याच टिकल्या लागलेल्या, ती नवी सवय. "एकूण दहातले नऊ बरोबर धरा," मॅडम म्हणाल्या. "चांगलं आहे, कुमुदताई. मी माझेच जुने फोटो पुन्हा वाचून बघितले. मीही स्वतःशी दर वेळी जुळले नाही."

कुमुदताईंचा चेहरा जरा सैल पडला. मग मॅडमनी बिनटिकलीच्या गठ्ठ्यातून एक खुब्याचा फोटो काढला.

"यावर टिकली नाही?"

कुमुदताईंनी तो पुन्हा खिडकीशी नेला. जवळ घेतला, लांब धरला. "नाही."

"नक्की?"

"नक्की. यात काही नाही."

मॅडमनी पट्टी सोलली. खाली काशिरामांचं नाव होतं.

कुमुदताई फोटोकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आता दिसतेय. बघा, नाव वाचलं आणि दिसायला लागली."

मला उठून बघायचा धीर झाला नाही. मॅडम म्हणाल्या, "हाच फोटो मी नाव न सांगता माझ्या दोन मित्रांना पाठवला होता. दोघेही एक्स-रेचे तज्ज्ञ. एक म्हणाला चीर आहे, एक म्हणाला नाही. कधी कधी पहिल्या दिवशी चीर इतकी मिटलेली असते की फोटोत ती धड असतही नाही आणि नसतही नाही. वजन पडलं की मग उघडते."

"म्हणजे ती होती की नव्हती?" मी न राहवून विचारलं.

"हाडात होती. फोटोत होती का, ते मला सांगता येत नाही."

तज्ज्ञालाच सांगता येत नसेल तर मी प्लास्टरवाला काय डोकं लढवणार? तरी मी लढवलं. "ताई, आज दिसली नाही म्हणून त्या दिवशीही दिसली नव्हती, असं कसं होईल? मग फोटोच्या पाकिटात टिकली कुठून आली?"

"तेच विचारायला जाते," कुमुदताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"ज्याचा पाय आहे त्याला."

मी त्यांना स्कूटरवर कोनला घेऊन गेलो. काशिराम ओटीवर खाटेवर बसले होते, शेजारी वॉकर. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. शेजारचे दोघे बसलेले होते, त्यांना लगेच सांगायला लागले, "ह्याच त्या बाय. यांनीच वळखलं व्हतं. गोंद सुटला म्हून, नायतर माजा पाय वाचला असता." त्यांनी हे गावभर सांगितलेलं दिसत होतं. ज्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही ते निदान एका माणसाने ओळखलं होतं, याचा त्यांना फार आधार वाटत होता.

तेवढ्यात माझं लक्ष खाटेशेजारच्या भिंतीकडे गेलं. तिथे आरसा होता आणि आरशाच्या काचेवर कडेने टिकल्यांची रांग. मरून. तोंड धुताना काढायची आणि आरशाला लावायची, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात दिसेल. आणि त्याच आरशामागे एक्स-रेची पाकिटं खोचलेली.

"फोटो पयल्या दिसापासून हितंच असतो का?" कुमुदताईंनी विचारलं. त्यांचं पनवेलचं बोलणं उंबऱ्याबाहेर राहिलं होतं.

"हितंच. आनि कुटं ठेवनार?"

सून पाणी घेऊन आली. तिच्या कपाळावर तीच टिकली, तोच रंग, तोच आकार. "ताई, पनवेलच्या मंडईजवळून आनते मी," ती म्हणाली. धर्मराजसाहेबही तिथूनच मागवतात. आता बोला. पाकिटातली टिकली कुमुदताईंची असेल, नाहीतर आरशावरून पाकिटात गळलेली सुनेची असेल. मला वाटलं होतं इथे येऊन गाठ सुटेल, इथे तर आणखी एक बसली.

कुमुदताईंनी तो आरसा बराच वेळ पाहिला. त्यांनी गप्प राहून चहा घेऊन निघायला काही हरकत नव्हती. मी मनात म्हणत होतो, बाई, गप्प बसा, म्हाताऱ्याचं समाधान कशाला मोडता?

त्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या. "काका, मी टिकली लावली असं मना आठवत नाय. परवा तुमचा फोटो मना परत दाकवला, नाव झाकून. तवापन मना त्यात काय दिसलं नाय."

शेजारचे उठून गेले.

"म्हंजे फोटोत काय नवतंच?"

"असंल. आमाला दिसलं नाय. मोठ्या डाक्टरनीला पन नाय."

"आनि मी बोललो ते?" काशिरामांचा आवाज चढला नाही. "आत दुकतंय, मी बोललो व्हतो. तुमाला बोललो, त्या पोरगेल्या डाक्टरला दोनदा बोललो. तुमी सगली फोटोकडं बगत व्हती."

मीही तिथेच दारात उभा होतो त्या दिवशी. आम्ही सगळे एवढे दिवस भांडत होतो ते फोटोवर काय होतं यावर. टेबलावरचं माणूस तोंडाने सांगत होतं, ते कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

काशिरामांनी बसल्या बसल्या हात लांब केला, आरशावरची एक टिकली नखाने काढली आणि लुंगीवर, बरोबर खुब्यावर चिकटवली.

"आता दिसतंय का?" ते म्हणाले.

चिडून म्हणाले की चेष्टेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सून तोंडाला पदर लावून आत गेली. कुमुदताईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"दिसतंय, काका," त्या म्हणाल्या.

परतताना स्कूटरवर त्यांनी एवढंच सांगितलं, की उद्या धर्मराजसाहेबांशी बोलायचं आहे. मी समजून चुकलो, केस पेपरची खिडकी. सकाळी मुद्दाम लवकर गेलो. खिडकीवर नेहमीचीच मुलगी होती.

अपघात विभागात एक बाई बसली होती, जिन्यावरून पडलेली. एक्स-रे काढून आली होती. इंद्रजीतांनी फिल्म हातात घेतली, कोपऱ्यात बऱ्याच दिवसांनी टिकली नाही असं बघितलं आणि जुन्या सवयीने फिल्म ठेवायला गेले. मग थांबले. टिकली त्या बाईच्या ब्लाउजच्या बाहीवर होती, कोपराच्या जरा वर.

"हे काय?" ते म्हणाले.

कुमुदताई दारातच उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच पेशंटच्या देखत डॉक्टरांशी फोटोबद्दल बोलल्या.

"फोटोत मला काही दिसत नाही, सर. या म्हणतात, इथे आत दुखतंय."

इंद्रजीत जरा गोंधळले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, टिकलीकडे पाहिलं, मग फोटो खाली ठेवला आणि स्टूल ओढून त्या बाईसमोर बसले.

"सांगा," ते म्हणाले. "कुठे दुखतंय?"